सगळे भाग नवे आहेत

१२ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. तुझा दादा ठीक आहे, म्हणजे मागच्या महिन्यात होता तसाच आहे. पत्र अशासाठी, की फोन यांच्या उशाशी आहे. यांची वाचा गेली, हात गेले, पण कान अजून तिखट आहेत. मी फोनवर कॉम्प्युटरची तक्रार केली की हे ऐकणार आणि आपल्यापायी सगळ्यांच्या जिवाला घोर म्हणून दोन दिवस भिंतीकडे बघत राहणार. तेव्हा फोनवर तूही त्याचं नाव काढू नकोस. पत्रं माझ्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर टाक.

तर कॉम्प्युटर. तू डिसेंबरच्या रजेत इथे जमिनीवर सतरंजी पसरून एकेक भाग जोडलास, पडद्यावर अक्षरांचा तक्ता बसवलास आणि पाहिजे ते अक्षर उजळलं की दाबायला यांच्या उजव्या अंगठ्याखाली ते बटण दिलंस, तेव्हापासून घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. एका शब्दाला मिनिटभर लागतं, पण शब्द यांचा असतो. जानेवारी चांगला गेला. फेब्रुवारीच्या शेवटापासून मात्र तो मध्येच बंद पडायला लागला आहे. कधी पडदा निळा होतो आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येतात. कधी सरळ काळोख. आणि एकदा बंद पडला की तास-दोन तास सुरूच होत नाही. दुपारी जास्त.

दुपार हीच यांची लिहायची वेळ आहे. जेवण झालं, म्हणजे नळीतून पोटात गेलं, की डोळ्यांनी मला दाराकडे खुणावतात. मी आत जाते. दोन ते चार काहीतरी लांबलचक लिहीत असतात. मी विचारत नाही. माझा अंदाज आहे ते माझ्यासाठी असावं, म्हणून डोकावतही नाही.

आणखी एक. दोन-तीनदा यांनी "आवाज" एवढंच लिहिलं. समोर शाळेचं फाटक आहे, मुलांचा गलका असतो, म्हणून खिडकी लावून घेतली. तरी पुन्हा तेच. आता दुपारी शाळेच्या बाजूचं दारही लावते.

काय करू ते सविस्तर लिही. मला त्यातलं काही कळत नाही असं धरून लिही.

तुझी,
वहिनी

---

१८ मार्च

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बँकेत होतो. चाळीस मशीनं सांभाळतो मी इथे, रोज एखादं रुसतंच. आपल्या घरचंही त्यांच्या पंगतीत जाऊन बसलं म्हणायचं. काळजी करू नकोस. सगळे भाग नवे आहेत, एकेक मी स्वतः पारखून घेतलाय, तेव्हा मोठं काही नसणार. बहुतेक मेमरीच्या पट्ट्यांचा खेळ आहे.

असं कर. वायर भिंतीतून काढ. डब्याची डावी बाजू दोन स्क्रूंवर आहे, ती सरकव. हात लावण्याआधी एखाद्या लोखंडी वस्तूला स्पर्श कर, अंगातली वीज उतरते. आत दोन हिरव्या पट्ट्या उभ्या दिसतील, दोन्ही टोकांना पांढरे चिमटे. चिमटे बाहेर दाबले की पट्टी वर येते. तिच्या सोनेरी कडेवर साधा खोडरबर फिरव. मग एकच पट्टी लावून दोन दिवस चालव, मग दुसरी. जिच्यावर बंद पडेल ती खराब.

सोबत एक फ्लॉपी पाठवतोय. ती घातलीस की लिहिलेलं दर पाच मिनिटांनी आपोआप साठवलं जाईल.

दादाला सांग, अंगठा सांभाळून वापर. ओव्हरटाइम मिळणार नाही.

तुझा,
बारक्या

---

९ एप्रिल

प्रिय बारक्या,

सांगितलंस ते सगळं केलं. एकेक पट्टी तीन-तीन दिवस चालवली. पहिल्या पट्टीवर चार वेळा बंद पडला, दुसरीवर तीन वेळा, दोन्हींवर पाच वेळा. जागा बदलून पाहिल्या, तरी तेच. दोन्ही पट्ट्या एकदम खराब असाव्यात असं मला वाटत नाही. प्रयोगशाळेत दोन नळ्यांत एकच चूक दिसली तर आम्ही नळ्यांना दोष देत नाही, दोन्हींमध्ये सामाईक काय आहे ते बघतो.

मी आता वही घातली आहे. तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होतं, किती वेळाने पुन्हा सुरू झाला. तिची नक्कल सोबत आहे.

डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा मी दोन्ही स्क्रू वाटीत मोजून ठेवले. सुईने लहान बाळाचं रक्त काढतानाही मी कधी इतकी जपून वागले नाही. हे पलंगावरून बघत होते. मी चुकीच्या स्क्रूला हात घातला की डोळे मिटायचे, बरोबर स्क्रूवर आले की उघडायचे. पंचवीस वर्षं पंपघरात फिटर म्हणून काढलेला माणूस, स्क्रूड्रायव्हर दुसऱ्याच्या हातात बघताना त्याला काय वाटत असेल. पट्टी खट्कन बसली तेव्हा मात्र गालातल्या गालात हसले. अजून तेवढं हसता येतं.

पंपघरातला नवा फिटर दर रविवारी येतो. बिचारा तिथे एकटा पडलाय. यांना काहीतरी विचारतो, हे तक्त्यावर उत्तर देतात. परवा अर्ध्या उत्तरात पडदा काळा झाला. तो म्हणाला, "राहू द्या काका, पुढच्या रविवारी." मला त्याचा राग आला. पुढचा रविवार तो कुठून आणणार होता?

तुझी,
वहिनी

---

१६ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझी वही बघून मान खाली गेली. माझ्या हाताखालचे लोक इतकं नेटकं लिहीत नाहीत.

दुपारी जास्त बंद पडतो म्हणजे उष्णता असणार. आत मधोमध एक छोटा पंखा आहे, त्याच्याखाली प्रोसेसर. पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने काढ. डब्याची बाजू उघडीच ठेव आणि टेबलफॅन त्या बाजूला लाव. आठ-दहा दिवस बघ.

तरीही नाही थांबला तर घराचं वायरिंग तपासून घे. जुन्या घरात अर्थिंग नीट नसतं, त्याने असे प्रकार होतात. हार्ड डिस्कची चपटी वायरही दोन्ही टोकांना दाबून बघ.

इथे वर्षअखेरीची कामं लांबली आहेत, रजा मागायची सोय नाही. नाहीतर एका दिवसासाठी येऊन गेलो असतो.

बारक्या

---

२० मे

प्रिय बारक्या,

टेबलफॅनने नऊ दिवस चांगले गेले. नऊ दिवसांत एकदाही बंद पडला नाही. मी वहीत नऊ बरोबरच्या खुणा केल्या आणि दहाव्या दिवशी शेजारणीला सांगितलं की आमचा भाऊजी हजार मैलांवरून दुरुस्ती करतो. त्याच दुपारी तीनदा बंद पडला.

मग तू सांगितलेल्या गोष्टी एकेक करत गेले. चपटी वायर दाबली, मग बदलली. प्रोसेसरचा पंखा बदलला. कीबोर्ड काढून ठेवला. वायरमनला बोलावलं. म्हाताराच आहे, पण कामाचा. सगळी भिंत तपासली, अर्थिंगची तार नवी टाकली, दोन दिवस स्वतःचा मीटर लावून ठेवला. शेवटी म्हणाला, "बाई, भिंतीतून येतंय ते सरळ येतंय. पुढे डब्यात गेल्यावर त्याचं काय होतं ते डब्याला विचारा."

मी त्याला सांगितलं की डब्यातलं सगळं नवं आहे, माझ्या दिरानेच जोडलंय. तो म्हणाला, मग प्रश्नच नाही.

आता खरं सांगते. यांचा अंगठा पहिल्यासारखा राहिला नाही. मार्चमध्ये एक शब्द मिनिटात व्हायचा, आता अडीच मिनिटं लागतात. दोन तासांच्या वर दम टिकत नाही. त्या दोन तासांत तो बंद पडला की ती दुपार गेलीच. हे चिडत नाहीत. अंगठा बटणावर तसाच ठेवून काळ्या पडद्याकडे बघत राहतात. मला ते बघवत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावते.

तू फोनवर हल्ली दोन मिनिटांत आटपतोस. काही झालंय का?

वहिनी

---

२९ मे

प्रिय वहिनी,

काही झालं नाही. कामाचा रगाडा आहे.

माझ्या मते आता दोष आतल्या प्रोग्रॅममध्येच आहे. हार्ड डिस्क पूर्ण पुसून सगळं पहिल्यापासून भरलं पाहिजे. कसं करायचं ते वेगळ्या कागदावर क्रमाने लिहिलं आहे, सोबत दोन सीडी आहेत. अर्धा दिवस लागेल. दादाचं लिहिलेलं आधी फ्लॉपीवर उतरवून घे. त्या कॉम्प्युटरवर ते नीट उतरेल की नाही याची खात्री मला देता येत नाही, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

बारक्या

---

१६ जुलै

प्रिय बारक्या,

पत्राला उशीर झाला. जून सगळा वाईट गेला.

डिस्क पुसायचं मी यांना विचारलं. विचारल्याशिवाय कसं करणार. यांनी डोळे घट्ट मिटले, म्हणजे नाही. मी म्हटलं, "आधी उतरवून घेऊ." पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा विचारलं नाही. तरी गुपचूप फ्लॉपीवर उतरवायला गेले आणि निम्म्यावर बंद पडला. त्या आठवड्यातलं यांचं लिखाण मोडलं, उघडतच नाही. ते मी यांना सांगितलं. लपवलं असतं तर त्यांना कळलंच असतं.

आता मुख्य गोष्ट. गेल्या सोमवारी अंगठा बटणावर ठेवला आणि बटण दबलं नाही. वाटलं बटणच बिघडलं, म्हणून मी माझ्या बोटाने दाबून पाहिलं. बटण चांगलं होतं. मंगळवारी दोनदा दबलं. बुधवारपासून नाही. डॉक्टर म्हणाले की हे होणारच होतं. आजार त्याच्या चालीने चाललाय, आणि अंगठा त्यांच्या अंदाजापेक्षा दोन महिने जास्तच टिकला.

काल रविवार होता. वेळ होता म्हणून तुझी सगळी पत्रं आणि माझी वही समोर घेऊन बसले. प्रयोगशाळेत एखादा निकाल विचित्र आला की करतो तशी यादी केली. पत्रांत कशाकशाचं नाव आलं, त्यातलं काय काय निर्दोष निघालं. पट्ट्या, पंखा, प्रोसेसर, चपटी वायर, कीबोर्ड, भिंत, अर्थिंग, प्रोग्रॅम. मग डबा उघडून प्रत्येक वस्तूवर बोट ठेवत गेले. एक वस्तू उरली. मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा चौकोनी डबा, ज्यात भिंतीतली वायर शिरते. त्याचं नाव तुझ्या एकाही पत्रात नाही. त्याला काय म्हणतात तेही मला माहीत नाही.

तो तपासायचा नसतो का? की तू विसरलास?

वहिनी

---

२१ जुलै

वहिनी,

त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. मी विसरलो नव्हतो.

तो नवा नाही. इथून आणलेला नवा पॉवर सप्लाय निघायच्या आदल्या दिवशी लावला आणि जळका वास येऊन बंद पडला. बाजार बंद होता, दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. दादा पलंगावरून माझ्या हातांकडे बघत होता. माझा जुना कॉम्प्युटर तुमच्या माळ्यावर पाच वर्षं पडून होता. तू बाहेर गेली होतीस तेव्हा त्यातला पॉवर सप्लाय काढून मी ह्यात बसवला. सगळं सुरू झालं, दादाने पहिला शब्द लिहिला, तू रडलीस. तेव्हा सांगायला हवं होतं. म्हटलं, पोचलो की आठवड्यात नवा पाठवतो, कुणाला कळायच्या आत बदलून होईल. इथे आलो आणि राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं. चालतोय ना, म्हणून.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. निळा पडदा, काळोख, तास-दोन तास सुरू न होणं. बँकेत असं झालं तर मी सगळ्यात आधी तोच बदलतो. पण तो बदल म्हणून सांगायचं तर तो जुना आहे हे सांगावं लागलं असतं. म्हणून पट्ट्या सांगितल्या. दरवेळी वाटायचं, कदाचित खरंच दुसरं काही असेल. तू प्रत्येक गोष्ट करून, वहीत लिहून, नाही म्हणून कळवत गेलीस, आणि मी पुढची शोधत गेलो. डिस्क पुसायला सांगितली तेव्हा मला झोप लागली नाही. तरी ते पत्र टाकलंच.

तुला आठवतं का, दादाने एकदा पंपघरातल्या एका हेल्परला कामावरून घालवलं होतं? त्याने जुना वायसर धुऊन नवा म्हणून बसवला होता. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दादा जेवताना म्हणाला होता, "वायसर जुना होता याचं काही नाही. मला सांगितलं असतं तर मी त्याच्यावर नजर ठेवली असती." हे वाक्य मार्चपासून रोज माझ्या कानात आहे, आणि तरी मी गप्प राहिलो.

नवा पॉवर सप्लाय आजच कुरिअरने पाठवला आहे. चार स्क्रू आहेत. कोणती वायर कुठे ते रंगवून दिलं आहे. आता त्याचा काय उपयोग, ते मलाही कळतं.

बारक्या

---

८ ऑगस्ट

बारक्या,

पार्सल मिळालं. नवा फिटर आणि मी मिळून बसवला. बारा दिवस झाले, एकदाही बंद पडला नाही.

जुना डबा फिटरने उघडून दाखवला. आत नळकांड्यांसारखे छोटे छोटे भाग असतात, त्यातल्या पाचांची डोकी फुगली होती आणि दोहोंतून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलं होतं. कुणीही आत बघितलं असतं तरी कळलं असतं. मी रोज काचेखाली लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजते. मी नुसतं बघितलं असतं तर मलाही कळलं असतं. पण "सगळे भाग नवे आहेत" असं तू पहिल्याच पत्रात लिहिलंस, म्हणून मी त्या बाजूला बघितलंच नाही. वायरमनचंही तोंड मीच बंद केलं.

तू माझी तपासणी चुकवलीस. आमच्या कामात कुणी असं केलं तर त्याला पुन्हा त्या टेबलाशी बसू देत नाहीत.

नवा डबा सुरू केला तेव्हा हे डोळे मिटून ऐकत होते. मी आता तक्त्यातल्या ओळी तोंडाने म्हणते. पाहिजे ती ओळ आली, मग पाहिजे ते अक्षर आलं, की हे पापण्या मिटतात; आता मिटणं म्हणजे हो. त्या दिवशी यांनी सांगितलं, "आवाज सरळ." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मार्चमध्ये हे "आवाज" लिहीत होते ते शाळेच्या मुलांबद्दल नव्हतं. बंद पडायच्या आधी त्या डब्यातल्या पंख्याची घरघर खाली उतरायची. पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग ओळखणारा माणूस मला दुखणं कुठे आहे ते सांगत होता, आणि मी खिडक्या लावत होते. तेव्हा चूक एकट्या तुझीच होती असं म्हणून मला सुटताही येत नाही.

वही घातल्यापासून अंगठा थांबेपर्यंत कॉम्प्युटर एकसष्ट वेळा बंद पडला. त्यातल्या बेचाळीस दुपारी होत्या. आता तो दिवसभर चालू असतो. पडद्यावर अक्षरांच्या ओळी आपोआप एकामागून एक उजळत जातात आणि दाबायला कुणी नाही. मी परवा तो बंद केला.

पायाच्या अंगठ्याखाली बटण ठेवून पाहिलं. नाही जमलं. भुवईही नाही.

लिहिलेलं मी शेवटी वाचलं, यांना विचारून. मी समजत होते ते नव्हतं. ते पंपघराबद्दल आहे. पहिला पंप कसा उघडायचा, गळती थांबवायला दुसऱ्याचं ग्लँड केव्हा आवळायचं, तिसऱ्याचा कुठला आवाज म्हणजे काय. नव्या फिटरसाठी आहे. सतरा पानं. माझं नाव कुठेच नाही. मी ते वाचून संपवलं, मग भाजी चिरायला घेतली आणि चिरता चिरता इतकी रडले की फिटर पाणी घेऊन आत आला. पाच महिने मी दार लावून आत बसत होते, ते पंपांसाठी.

शेवटच्या पानावर "चौथा पंप" एवढंच आहे. फिटर म्हणतो, चौथाच अवघड आहे. सगळ्यात जुना आहे, त्याचा नकाशा, पुस्तक काही उरलेलं नाही. निम्म्या गावाचं पाणी त्याच्यावर आहे. जे काही आहे ते यांच्या डोक्यात आहे.

मी ओळी म्हणून लिहून घ्यायला बसते, पण कामावरून आल्यावर माझा आवाज बसतो. दिवसाला चार-पाच शब्द होतात. त्यात आता माझी आई पडली आहे, खुब्याचं हाड मोडलंय. मला दहा दिवस तरी जायला हवं. दिवसा एक बाई येऊन सगळं करेल, पण तिला हे अक्षरांचं जमणार नाही.

तुला माफ केलं असं लिहायला बसले होते, जमलं नाही. ते नंतर बघू. तू रजा काढून ये. रजा मिळत नसेल तर रजेशिवाय ये. मी २५ तारखेला निघते.

वहिनी

---

३ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

सा. न. वि. वि.

तुझी आई उभी राहायला लागल्याचं कळलं, बरं वाटलं. इथे सगळं सुरळीत आहे. औषधांच्या वेळा तू भिंतीवर लावल्यास तशाच चालू आहेत. बाई म्हणते, तुझ्यापेक्षा मी कमी ओरडतो.

तू गेलीस त्या संध्याकाळी मी दादाला सगळं सांगितलं. तू सांगितलं नव्हतंस, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळलं. खुर्ची ओढून बसलो आणि पाठ केल्यासारखं बोलत गेलो. माळ्यावरचा कॉम्प्युटर, जुना डबा, पट्ट्या, पंखा, भिंत, डिस्क. तो माझ्याकडे बघत होता. संपल्यावर त्याने तक्त्याकडे नजर वळवली. मी ओळी म्हणायला लागलो. दोनदा चुकलो. बरंच झाल्यावर शब्द झाला. "माहीत".

मी विचारलं, "काय माहीत होतं? डबा जुना आहे हे?"

पापण्या मिटल्या.

"केव्हापासून?"

"डिसेंबर."

मी सतरंजीवर बसून तो डबा बसवला तेव्हाच त्याने ओळखला होता. त्याचाच होता गं तो, माझ्या पहिल्या कॉम्प्युटरचे पैसे त्यानेच तर दिले होते. मी म्हटलं, "मग वहिनीला सरळ का नाही लिहिलंस? बारक्याने जुना डबा लावलाय, एवढंच लिहायचं होतं."

वहिनी, ह्या उत्तराला वीस मिनिटं लागली. मध्ये बाई पाणी द्यायला आली, तिला मी हाताने थांबवलं. त्याने सांगितलं, "तू सांगशील वाटलं."

मी उठून गॅलरीत गेलो. आत आलो तर तो तक्त्याकडेच बघत होता. बसलो. पुढचे दोन शब्द होते, "चल. चौथा."

तेव्हापासून आम्ही तेच करतो आहोत. सकाळी दोन तास, दुपारी दोन, संध्याकाळी तो थकेपर्यंत. आता मला तक्ता बघावा लागत नाही. शब्द अर्धा झाला की पुढचा ओळखू येतो, मी विचारतो, तो हो किंवा नाही म्हणतो. काही शब्द मला ठाऊकच नव्हते. मी चुकीचं ओळखलं की डोळ्यांनी मला जी काही नावं ठेवतो, ती लिहून घ्यायची सोय नाही हे नशीब. रविवारी फिटर आला होता. आम्ही लिहिलेलं घेऊन तो पंपघरात गेला आणि दोन तासांनी सायकलवरून परत आला. चौथ्याच्या झाकणाचे आटे उलटे आहेत, हे त्याला पहिल्यांदा कळलं होतं. सहा महिने तो ते झाकण उलट्या बाजूने आवळत होता.

काल दुपारी चौथा पंप संपला. नऊ पानं झाली. शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा देतो, कारण तो लिहून घेताना मी थांबलो होतो.

"चौथ्याचं झाकण एकदा काढलं की काम पुरं केल्याशिवाय उठता येत नाही. सहा तास धरावेत. झाकण काढायच्या आधी घरी निरोप पाठवावा. मी कधी पाठवला नाही. ती दरवेळी जेवायची थांबली. पंचवीस वर्षांत बोलली नाही. मी आलो की दोन ताटं वाढायची. निरोप पाठवावा."

मी विचारलं, "दादा, हे फिटरच्या वहीत घ्यायचं? की वेगळ्या कागदावर?" वेगळ्या कागदाला त्याने काहीच केलं नाही. वहीला पापण्या मिटल्या. मग तसंच लिहिलं. परिच्छेदाला नंबरही घातला आहे, बावीस.

तुझी गाडी मंगळवारची आहे ना? मी बुधवारची तिकिटं बघतो.

तुझा,
बारक्या

---

७ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

पत्र आज सकाळी मिळालं. आईला चालवून आणलं आणि मग दुपारी एकटी बसून वाचलं. बावीस नंबरचा परिच्छेद चार वेळा वाचला.

तो वहीतच राहू दे. नव्या फिटरचं अजून लग्न व्हायचंय, त्याच्या उपयोगी पडेल. मला वेगळा उतरवून देऊ नकोस. मी पंपघरात जाऊन वाचीन, बाकीच्यांसारखी. त्यांना सांग, मी दरवेळी थांबत नव्हते. दोन-तीनदा जेवून घेतलं होतं आणि पुन्हा त्यांच्याबरोबर जेवले. हे वाचून दाखवताना त्यांच्याकडे बघ आणि ते काय करतात ते मला सांग.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. सकाळी उठले की पहिला तोच भेटतो. पण यांनी तुझी आठ महिने वाट बघितली, आणि मी या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. मलाही थोडा वेळ लागेल, तेवढा तू दे.

मी मंगळवारी संध्याकाळी पोचते. बुधवारचं तिकीट काढू नकोस. त्या नऊ पानांत यांचं सगळं बोलणं पंपांशी झालंय. आता पंप संपले. यांना तुझ्याशी आणि माझ्याशी काही बोलायचं असेल, तर दोघांनी आळीपाळीने ओळी म्हटलेल्या बऱ्या. माझा आवाज तासाभरात बसतो, तुझा टिकतो. निदान महिनाअखेरपर्यंत राहा. बँकेला काय कळवायचं ते तुझं तू बघ, पण खरं कळव.

वहिनी